अदलाबदल, देवाणघेवाण, विनिमय, मोबदला... कुठे कुठला शब्द वापरायचा?

'एक्सचेंज' ह्या एका शब्दावर हल्ली आपलं सगळं भागतं. शर्ट एक्सचेंज, नंबर एक्सचेंज, शिफ्ट एक्सचेंज, जुना फोन एक्सचेंज, आयडिया पण एक्सचेंज. बोलताना चालून जातं, त्यात गैर काहीच नाही. अडतं कधी, तर लिहायची वेळ आली की. सोसायटीची नोटीस, दुकानदाराला तक्रार, ऑफिसातला अर्ज, भाषांतराचं काम, मुलांच्या शाळेच्या ग्रुपवरचा मेसेज. मग माणूस डिक्शनरी उघडतो, तिथे अदलाबदल, देवाणघेवाण, विनिमय, मोबदला असे सगळे एका ओळीत स्वल्पविराम देऊन मांडलेले असतात, जणू कुठलाही उचलला तरी चालेल, आणि पहिला दिसला तो उचलून मोकळा होतो. तिथूनच 'विचारांची अदलाबदल' आणि 'चपलांचा विनिमय' असली वाक्यं बाहेर पडतात.

हे शब्द एकमेकांचे भाऊबंद आहेत, पण प्रत्येकाचं घर वेगळं. कुठलं कुणाचं हे ओळखायला मी काही प्रश्न वापरतो, त्याच क्रमाने खाली देतोय. बहुतेक वेळा पहिल्या दोन प्रश्नांतच काम होतं.

पायरी १ : दिल्यावर ती गोष्ट तुमच्याकडे उरते का?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, बाकीचे विसरलात तरी हा लक्षात ठेवा.

मी माझं पुस्तक तुम्हाला दिलं, तुमचं मी घेतलं. आता माझं पुस्तक माझ्याकडे नाही. ही अदलाबदल. पण मी तुम्हाला एक माहिती दिली, तुम्ही मला दुसरी दिलीत, तर माझी माहिती माझ्याकडे राहिलीच, वर तुमचीही मिळाली. ही देवाणघेवाण. म्हणून विचारांची, अनुभवांची, माहितीची, नोट्सच्या पीडीएफची देवाणघेवाण होते, आणि वस्तू, जागा, पाळी, खाती, कैदी ह्यांची अदलाबदल होते. तुमच्या जागी मी, माझ्या जागी तुम्ही, असा जागांचा पालट अदलाबदलीत लागतोच. 'आमच्या विचारांची अदलाबदल झाली' असं लिहिलं तर अर्थ असा निघतो की आता माझी मतं तुमची झाली आणि तुमची माझी.

दोन मोठी उदाहरणं देतो, दोन्ही बातम्यांतली आहेत.

भारत आणि पाकिस्तान दरवर्षी १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. ३१ डिसेंबर १९८८ ला करार झाला आणि १९९२ पासून हे चालू आहे. ह्यात कुणाचंही काही कमी होत नाही, भारताची यादी दिल्लीतही राहते आणि तिकडेही जाते. तर ही याद्यांची देवाणघेवाण.

आता दुसरं. भारत आणि बांगलादेशच्या सीमेवर एकमेकांच्या हद्दीत अडकलेली जमिनीची बेटं होती, म्हणजे चारी बाजूंनी बांगलादेश आणि मधेच भारताचा तुकडा, किंवा उलटं. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री भारताचे १११ तुकडे बांगलादेशात गेले आणि बांगलादेशचे ५१ भारतात आले. जे गेलं ते गेलं, तो भूभाग आता आपल्या नकाशात नाही. ही अदलाबदल, इथे देवाणघेवाण म्हटलं तर वाक्य ढिलं पडतं.

ह्या दुसऱ्या उदाहरणात अजून एक गोष्ट दडलेली आहे. १११ च्या बदल्यात ५१, म्हणजे आकडे सारखे नाहीत, तरी शब्द अदलाबदलच. लोकांना वाटतं की अदलाबदल म्हणजे सारख्याला सारखं, तसं काही नाही. दोन बाजूंनी काहीतरी हललं आणि एकमेकांच्या जागी गेलं एवढंच तो शब्द सांगतो, सौदा फायद्याचा होता की तोट्याचा ह्याबद्दल तो बोलत नाही. ते सांगायचं असेल तर वेगळं सांगावं लागतं.

आणि हो, भेटवस्तूंचं काय? भेट दिली की ती आपल्याकडे उरत नाही, मग नियमाने अदलाबदल म्हणायला हवं, पण आपण म्हणतो 'भेटवस्तूंची देवाणघेवाण'. ह्याचं कारण मला असं दिसतं की देवाणघेवाणीत येणं-जाणं चालू राहणं अपेक्षित असतं, आज तुम्ही, उद्या मी. नातं आहे, हिशोब नाही. अदलाबदल एकदाच होते आणि संपते. भेटींना अदलाबदल म्हटलं तर तो सौदा वाटतो, त्यामुळे तिथे आपला कानच देवाणघेवाण निवडतो.

पायरी २ : ठरवून झालं की चुकून?

हा प्रश्न कुणी विचारत नाही, पण शब्दांचा खरा फरक इथे उघडा पडतो.

कार्यक्रमातून बाहेर आलात, घाईत कुणीतरी तुमच्या चपला घालून गेला आणि त्याच्या तिथेच राहिल्या. विमानतळावर पट्ट्यावरून सारख्या दिसणाऱ्या बॅगांपैकी भलतीच उचलली गेली. लॅबमध्ये दोन पेशंटचे रिपोर्ट एकमेकांच्या पाकिटात गेले. ह्या सगळ्याला मराठीत एकच शब्द बसतो, अदलाबदल. 'चपलांची अदलाबदल झाली', 'रिपोर्टची अदलाबदल झाली'. देवाणघेवाण चुकून होत नाही, विनिमय तर अजिबातच नाही. त्या दोन्हींत दोघांची इच्छा धरलेली असते.

म्हणून तक्रार लिहिताना क्रियापद सांभाळा. 'अदलाबदल झाली' म्हणजे घडून गेलं, दोष कुणाचा ते अजून कळलेलं नाही. 'अदलाबदल केली' म्हणजे कुणीतरी मुद्दाम केलं. लॅबला पत्र लिहिताना 'तुमच्याकडे रिपोर्टची अदलाबदल झालेली दिसते' हे वाक्य बरोबर, सभ्य आणि पुरेसं ठाम आहे. 'तुम्ही रिपोर्टची अदलाबदल केली' हा आरोप झाला, तो सिद्ध करावा लागेल. एका क्रियापदाने समोरचा मदत करणार की बचावाला उभा राहणार हे ठरतं, हे मी फार वेळा पाहिलंय.

पायरी ३ : मधे पैसा आहे का?

वस्तू देऊन वस्तू घेतली तर वस्तुविनिमय. शाळेच्या पुस्तकात पैसा येण्यापूर्वीचा व्यवहार म्हणून हाच शब्द शिकवतात. एका देशाचं चलन देऊन दुसऱ्याचं घेतलं तर चलन विनिमय, आणि तो ज्या भावाने होतो तो विनिमय दर. विनिमय हा कागदावरचा, पुस्तकातला शब्द आहे. अर्थशास्त्रात, बँकेत, विज्ञानात तो शोभतो. दहावीच्या विज्ञानात उष्णता विनिमयाचं तत्त्व असतं, गरम वस्तू जेवढी उष्णता देते तेवढीच थंड वस्तू घेते, अट एवढीच की बाहेर गळती नको. इथे मोजमाप आहे, दोन्ही बाजूंचा हिशोब जुळतो, म्हणून विनिमय चपखल बसतो. विचारविनिमय हा मात्र एक जोडशब्द म्हणून इतका रुळलाय की तो वेगळाच धरायचा. विचारविनिमय म्हणजे काही ठरवण्यासाठी बसून केलेली चर्चा. 'सदस्यांशी विचारविनिमय करून निर्णय घेण्यात येईल' हे नोटिशीत ठीक, मित्राला 'चल, विचारविनिमय करू' म्हणालात तर तो दचकेल.

कायद्यात तर ही पैशाची रेषा स्पष्टच आखलेली आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ११८ मध्ये ह्याची व्याख्या आहे. साध्या भाषेत, दोघं जण आपापल्या वस्तूची मालकी एकमेकांना देतात, आणि दोन्हीकडे नुसता पैसा आहे किंवा एकाही बाजूला नुसता पैसा नाही, तर ती अदलाबदल. एकाच बाजूला नुसता पैसा असेल तर ती विक्री. ह्या हिशोबाने 'जुना फोन आणि वर थोडे पैसे देऊन नवा फोन' ह्याला आपण एक्सचेंज म्हणतो ते योग्यच आहे, कारण तिथे नुसता पैसा नाही, फोनही जातोय.

महाराष्ट्रात जमिनीच्या कागदांवर 'अदलाबदल दस्त' हा शब्द नेहमीचा आहे. राज्य सरकारची सलोखा योजना (जानेवारी २०२३) पूर्णपणे ह्याच शब्दावर उभी आहे. माझ्या नावावरची शेतजमीन वर्षानुवर्षं तुम्ही कसताय आणि तुमच्या नावावरची मी, असा किमान १२ वर्षांचा ताबा असेल, तर नाममात्र मुद्रांक शुल्कात अदलाबदल दस्त करून कागद आणि ताबा जुळवून घेता येतो. असल्या कामात अर्जावर 'देवाणघेवाण' लिहू नका, लोक कामाच्या घाईत लिहितात. दस्ताचं नाव अदलाबदल आहे, तेच ठेवा. आणि 'फेरफार' ही पुढची पायरी, म्हणजे दस्त झाल्यावर तलाठ्याकडे हक्काची नोंद बदलते ती, गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफारांच्या नोंदवहीत. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले की समोरचा नक्की काय मागतोय हेच कळत नाही.

पायरी ४ : रोजचं काम असेल तर 'बदलून' पुरेसं आहे

एवढं सगळं सांगून झाल्यावर हे सांगायलाच हवं की घरात, दुकानात, बसमध्ये आपण ह्यातला एकही जड शब्द वापरत नाही. आपण 'बदलून घेतो', 'बदलून देतो', 'बदलून मागतो'. शर्टचा साइज बदलून घेतला. खिडकीची सीट बदलून द्याल का? २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या तेव्हा बँकेबाहेरच्या रांगेतला प्रत्येक माणूस नोटा बदलून घ्यायला उभा होता. नोटांची अदलाबदल करायला आलोय असं कुणीही म्हणत नव्हतं. कारण तिथे ग्राहक आणि बँक समोरासमोर आहेत, एक मागतोय आणि दुसरा देतोय. अदलाबदलीत दोघं बरोबरीचे लागतात. ज्याच्याकडे हक्काने मागायचं, त्याच्याकडून बदलून घ्यायचं.

मोठी नोट देऊन छोट्या घेतल्या तर ते बदलणंही नाही, ते 'सुट्टे' घेणं किंवा नोट 'मोडणं'. 'पाचशेची मोड आहे का' एवढं पुरतं.

ऑनलाइन खरेदीत तीन इंग्रजी शब्द येतात आणि तिघांचा घोळ होतो. रिटर्न म्हणजे माल परत, पैसे परत. रिप्लेसमेंट म्हणजे तीच वस्तू, दुसरा नग, कारण आलेला खराब निघाला. एक्सचेंज म्हणजे वेगळी वस्तू किंवा वेगळा साइज, किंवा जुनी वस्तू देऊन नवी. कस्टमर केअरशी मराठीत बोलताना 'परत करायचंय', 'ह्याच वस्तूचा दुसरा नग हवाय', 'साइज बदलून हवाय' अशी तीन वेगळी वाक्यं वापरा, चुकीचा ऑप्शन निवडला गेल्याने होणारी निम्मी डोकेदुखी तिथेच वाचते.

दुकानात 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी आपण सगळ्यांनी पाहिलीय. ती वाचून गप्प बसू नका. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे सदोष माल परत घ्यायला नकार देणं आणि बिलावरच्या मुदतीत, मुदत छापलेली नसेल तर ३० दिवसांत, पैसे परत न करणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. शब्द 'सदोष' आहे हे लक्षात घ्या. रंग आवडला नाही म्हणून बदलून मागणं ही विनंती असते, शिवण उसवलेली निघाली म्हणून परत देणं हा हक्क. पत्रात दोन्ही एका सुरात लिहू नका.

पायरी ५ : बदल्यात, मोबदला, ऐवजी, बदली

'बदल' हा मूळ अरबी शब्द आपण इतका आपलासा केलाय की त्याची पिल्लं मोजता येत नाहीत, आणि नेमक्या ह्याच पिल्लांत गडबड होते. 'ऐवजी' त्यांच्यातला नाही, पण घोळ त्याच्याशीही होतो, म्हणून आधी तोच.

'ऐवजी' म्हणजे एक गोष्ट झालीच नाही, तिच्या जागी दुसरी झाली. चहाऐवजी कॉफी घेतली, म्हणजे चहा घेतलाच नाही. 'बदल्यात' म्हणजे एक दिलं आणि दुसरं मिळालं. 'मी त्याला पैशाऐवजी सायकल दिली' आणि 'मी त्याला पैशाच्या बदल्यात सायकल दिली' ही दोन वाक्यं परत वाचा. पहिल्यात मला पैसे द्यायचे होते, ते न देता सायकल दिली. दुसऱ्यात मला पैसे मिळाले. उलटा व्यवहार झाला.

मोबदला म्हणजे कष्टाचं, जमिनीचं, सेवेचं परत मिळणारं मोल. कामाचा मोबदला, भूसंपादनाचा मोबदला. ह्यात हक्काची भावना आहे म्हणून मदतीबद्दल बोलताना जपून. शेजाऱ्याने वेळेला गाडी दिली आणि तुम्ही 'ह्याचा मोबदला काय देऊ' विचारलंत तर त्याला वाईट वाटेल, कारण तुम्ही त्याच्या आपुलकीची मजुरी ठरवायला निघालात. तिथे आपण फार तर 'कधीतरी परतफेड करीन' म्हणतो. परतफेड कर्जाची होते तशी उपकाराचीही होते, आणि ती लगेच व्हावी अशी अपेक्षा नसते.

'बदली' माणसाची. ऑफिसची बदली, सामन्यातला बदली खेळाडू, 'माझ्या बदली तू जा'. दोन शिक्षक एकमेकांच्या शाळेत जातात तेव्हा खरं तर ती जागांची अदलाबदल असते, पण सरकारी नाव 'आपसी बदली'. अर्जात तेच लिहायचं. सहकाऱ्याशी शिफ्ट बदलायची असेल तर मात्र सरळ 'अदलाबदल' लिहा, कारण दोघांची नावं आणि दोन्ही तारखा त्यात आपोआप याव्या लागतात. 'बदला' म्हणजे सूड हे वेगळं सांगायला नको, 'बदल' लिहिताना तो एक काना घाईत टाइप होणार नाही एवढं बघा.

वास येणारे शब्द

काही शब्द व्यवहाराला डाग लावतात. साटंलोटं हा मुळात दोन घरांत मुलगा-मुलगी परस्पर देण्याच्या सोयरिकीचा शब्द, आता तो आतून केलेल्या संगनमतासाठीच वापरतात. 'त्या दोघांचं साटंलोटं आहे' म्हणजे तू मला सांभाळ, मी तुला, आणि तिसऱ्याचं नुकसान. कौतुक म्हणून हा शब्द कधीही वापरू नका. हेराफेरीही तशीच. आणि फेरबदल-फेरफार ही जोडी नीट वेगळी ठेवा. मंत्रिमंडळात फेरबदल होतो, त्यात दोन मंत्र्यांच्या खात्यांची अदलाबदल होऊ शकते. फेरफार महसुली नोंदीत स्वच्छ शब्द आहे, पण 'हिशोबात फेरफार' म्हटलं की सरळ लबाडीचा आरोप होतो.

'देणंघेणं' सुद्धा बघून. 'माझं त्याच्याशी काही देणंघेणं नाही' म्हणजे संबंधच नाही. देवाणघेवाण म्हणायचं असताना चुकून हे लिहिलं तर वाक्य भलतीकडे जातं.

लिहिताना

अदलाबदल आणि देवाणघेवाण दोन्ही स्त्रीलिंगी, म्हणून झाली, केली. विनिमय आणि मोबदला पुल्लिंगी. विभक्ती लागली की अदलाबदलीत, अदलाबदलीचा, देवाणघेवाणीमुळे असं होतं, 'अदलाबदलमध्ये' हे ऐकायला खडबडीत लागतं. अदलाबदल एक शब्द, मधे जागा सोडू नका. 'अदलाबदली' असंही लोक लिहितात, तेही चालतं. कशाची ते '-ची'ने सांगायचं, कुणाशी ते '-शी' किंवा 'बरोबर'ने: 'रविवारच्या ड्युटीची तिच्याशी अदलाबदल केली.' सांस्कृतिक कार्यक्रमाच्या पत्रिकेत 'आदानप्रदान' दिसेल, अर्थ देवाणघेवाणीचाच, फक्त त्यात आधी घेणं येतं आणि मग देणं, आपल्या देवाणघेवाणीत आधी देणं. मला आपला क्रम जास्त आवडतो.

तयार वाक्यं, लागतील तशी उचला

ग्रुपवर पुस्तकांसाठी: 'सातवीची पुस्तकं आहेत, चांगल्या स्थितीत. आठवीची कुणाकडे असतील तर अदलाबदल करू. पूर्ण संच असेल तरच सांगा.' इथे शेवटचं वाक्य गाळू नका. नाहीतर दोन पुस्तकं देऊन सहा नेणारा भेटतो आणि मग बोलता येत नाही, कारण तुम्ही काही ठरवलेलंच नव्हतं.

ऑफिसात: 'माझी १२ तारखेची सकाळची पाळी आणि अमुक यांची १४ ची रात्रीची, ह्यांची परस्पर संमतीने अदलाबदल करण्यास परवानगी मिळावी.' खाली दोघांच्या सह्या हव्यात. एकट्याची सही असेल तर ती फक्त विनंती राहते.

दुकानाला: 'खरेदी केलेली वस्तू सदोष निघाली आहे. वस्तू बदलून द्यावी, शक्य नसल्यास पूर्ण रक्कम परत करावी. बिलाची प्रत जोडली आहे.'

ट्रेनमध्ये अनोळखी माणसाला: 'काका, आईला वरच्या बर्थवर चढता येत नाही, तुमचा खालचा बदलून द्याल का? आमचा वरचा ह्याच डब्यात आहे.' आपला बर्थ कुठला ते आधीच सांगून टाका, समोरच्याला हो म्हणायचं की नाही हे त्याच्यावरच ठरतं.